कापसाचे झाड आणि माजीचे पाणी

(गावच्या वाचनालयात शेतकरी, पालक व विद्यार्थी यांच्या सभेपुढे एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आफ्रिका खंडात सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी केलेल्या एका बंडाची हकीकत आज आपणांपुढे मांडावी असे आम्ही योजिले आहे. यावर कोणी म्हणेल, "अहो मास्तर, इथे सोसायटीचे कर्ज फिटेना, विहिरीला पाणी लागेना, आणि तुम्ही समुद्रापलीकडच्या काळ्या लोकांचे पुराण कोठे लावून बसलात?" प्रश्न वाजवी आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

आपले जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक छापिले, ते कोणास अर्पण केले? कोणा राजास नव्हे, कोणा शेठजीस नव्हे. अमेरिकेत ज्या भल्या लोकांनी काळ्या गुलामांस मोकळे करण्यासाठी झीज सोसली, त्यांस अर्पण केले. जोतीराव कधी अमेरिकेस गेले नव्हते. पण ज्याच्या पाठीवर वळ उठलेले असतात, त्याला दुसऱ्याच्या पाठीवरचा वळ लांबूनही ओळखता येतो. जोतीरावांनी ती ओळख दीडशे वर्षांपूर्वी ठेविली; आपण ती विसरलो तर आपणच करंटे.

आता मूळ गोष्टीकडे वळू. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आज टांझानिया नावाचे स्वतंत्र राष्ट्र आहे. त्याच्या मुख्य भूमीवर १८८५ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मन लोकांचा अंमल होता. हा अंमल सुरू कसा झाला, ते ध्यानात घ्या. कार्ल पेटर्स नावाचा एक जर्मन गृहस्थ १८८४ च्या अखेरीस मुलखात आत शिरला आणि गावोगावच्या प्रमुखांकडून कागदांवर खुणा करून घेऊ लागला. कागद जर्मन भाषेत, आणि खूण करणाऱ्यास त्यातले अक्षरही वाचता येत नव्हते! तिकडे बर्लिन शहरी युरोपातील राष्ट्रांची परिषद भरली होती. आफ्रिकेत कोणी कोणत्या नियमाने मुलूख घ्यावा हे ती ठरवीत होती, आणि त्या मेजाभोवती आफ्रिकेचा एकही मनुष्य नव्हता. परिषद आटोपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २७ फेब्रुवारी १८८५ रोजी, जर्मन बादशहाने पेटर्सच्या कागदांवर संरक्षणाची सनद दिली. ज्यांच्या आज्यापणज्यांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे उठविले, त्यांस हा प्रकार फोड करून सांगावयास नको.

ते लोक गप्प बसले असे मात्र नाही. १८८८ साली किनाऱ्यावर अबुशिरीने बंड केले. त्याला पुढल्या वर्षी फाशी दिली. १८९१ साली हेहे लोकांचा राजा म्क्वावा याने लुगालो येथे एक जर्मन पलटण कापून काढली. पुढे सात वर्षे त्याने दाद दिली नाही. १८९८ मध्ये हाती लागण्याची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. जर्मनांनी त्याचे शिर कापून नेले. ते परत द्यावे असे कलम १९१९ च्या व्हर्सायच्या तहात घालावे लागले, आणि कवटी घरी आली १९५४ साली! असो. हे राजांचे झाले. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते रयतेचे बंड.

आपणांस एक नवल सांगतो. त्या जर्मन मुलखातले नाणे होते रुपया! हिंदुस्थानच्या व्यापाऱ्यांचा रुपया त्या किनाऱ्यावर पूर्वीपासून चालत होता, म्हणून जर्मनांनीही आपला शिक्का रुपयावरच मारला. १८९८ पासून त्यांनी खेड्यातल्या दर झोपडीस तीन रुपये पट्टी बसविली, आणि १९०५ साली ती दर प्रौढ पुरुषामागे केली. ज्वारी-बाजरी पिकवून खाणाऱ्या माणसापाशी रोकड रुपया कोठून येणार? त्याने तो गोऱ्याच्या मळ्यावर राबून मिळवावा, हाच त्या पट्टीतला डाव होता. पैसा वसूल करणे हे पट्टीचे अर्धेच काम. उरलेले अर्धे काम मनुष्याला त्याच्या स्वतःच्या शेतातून हुसकून काढण्याचे.

तेवढ्यानेही भागेना. जर्मनीतल्या गिरण्यांस कापूस लागे, तो अमेरिकेतून विकत घ्यावा लागे. तेव्हा गव्हर्नर ग्योत्सेन याने १९०२ पासून दार-एस्-सलामच्या दक्षिणेकडील मुलखात गावोगाव सामाईक कापसाची शेते काढविली. प्रत्येक पुरुषाने तेथे वर्षात अठ्ठावीस दिवस राबावे असे ठरले होते. प्रत्यक्षात किती राबावे लागले ते चाबूकवाल्यासच ठाऊक. उत्पन्नाचे वाटे करावयाचे : एक जिल्ह्याच्या मंडळाला, एक गावच्या प्रमुखाला आणि राहिलेला राबणाऱ्या साऱ्यांमध्ये. त्या वाट्यातून माणशी हाती पडे ते इतके क्षुल्लक, की काही जणांनी ते घेण्याचेच नाकारले. कापसाच्या कामाची आणि घरच्या धान्याच्या पेरणीची वेळ एकच. पुरुष वेठीला गेले की घरच्या रानात रानडुकरे शिरत. राखण कोण करणार? बायका, म्हातारे आणि पोरे. पोटचे पीक डुकरांनी खावे आणि रक्ताचा कापूस साहेबाने न्यावा, असा तो न्याय होता.

आता हा कारभार चालवी कोण? गोरे तर मूठभर. गावोगावी जुम्बे, म्हणजे आपला पाटील म्हणा. आणि त्यांच्यावर अकिदा. हा अकिदा बहुधा किनाऱ्यावरचा, लिहितावाचता येणारा, परक्या गावचा. डोंगरातल्या शेतकऱ्यांशी त्याचे नाते नाही, सोयर नाही, सुतक नाही. साहेबाचा हुकूम तो वाची, हजेरी तो लिही, चुकला त्याला पाणघोड्याच्या कातड्याचा किबोको नावाचा चाबूक तो मारवी. पंचवीस फटके हा नेहमीचा मोजमाप होता. श्रोतेहो, सात समुद्रांपलीकडची ही व्यवस्था ऐकताना कोणास आपल्या जुन्या कुळकर्ण्याची आठवण झाली तर त्यात आमचा दोष नाही. शाहू महाराजांनी करवीर राज्यात ते वतन का मोडले, हेही मग नीट उमजते. राजा परका असो वा स्वकीय, लेखणी एकाच वर्गाच्या हाती आणि नांगर दुसऱ्याच्या हाती राहिला की नांगरवाला मेलाच.

येथे एक कडू गोष्ट आम्ही लपविणार नाही. त्या मुलखात हिंदी व्यापारी होते. ते बहुतेक गुजराती व कच्छी. पण बाहेरून पाहणाराला ते 'हिंदुस्थानचे लोक'च. खालच्या शेतकऱ्याचा माल घेणारा आणि उधारीवर कापड देणारा मधल्या पायरीवरचा माणूस आपल्याच देशाचा होता. बंड झाले तेव्हा किनाऱ्याजवळील सामांगा येथील त्यांची वस्ती जाळली गेली. आपण सदैव दुःख भोगणाऱ्याच्याच बाजूस होतो असे समजून छाती फुगविण्याचे कारण नाही.

अशा वेळी, १९०४ साली, न्गाराम्बे या गावी किंजिकितिले न्ग्वाले नावाचा एक मनुष्य पुढे आला. त्याच्या अंगात देव संचारतो, तो नदीच्या डोहात शिरला आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या वस्त्रांनिशी बाहेर आला, अशी वार्ता पसरली. तो लोकांस एक पाणी देई. आपल्याकडे 'माजी' म्हणजे पूर्वीचा. त्यांच्या स्वाहिली भाषेत माजी म्हणजे पाणी. त्यात एरंडाचे तेल आणि भरड धान्याचे दाणे मिसळलेले असत. हे पाणी ज्याच्या अंगावर पडेल त्याला जर्मनाची गोळी लागणार नाही, गोळीचे पाणी होईल, असा विश्वास होता. कानोकानी बातमी गेली. टोळ्याटोळ्यांनी लोक न्गाराम्बेस येऊ लागले.

हा भाग आम्ही वर्गात सांगितला तेव्हा मुले खो खो हसली. एक चलाख मुलगा म्हणाला, "गुरुजी, म्हणजे ते बावळटच होते की!" आम्ही त्याला विचारले, "तुझ्या घरी तीर्थ आहे का? अंगारा आहे का? परीक्षेला जाताना कपाळी काय लावून गेलास?" मुलगा गप्प झाला. पण आम्हीही त्या रात्री विचारात पडलो. आम्ही सत्यशोधक विचाराचे. बुवाबाजी आम्हांस विषासारखी. मग या पाण्याचे आम्ही करावयाचे काय?

आमचे मत असे. त्या पाण्याने काय केले आणि काय केले नाही, याचा सरळ हिशेब मांडावा. त्या मुलखात वीसांहून अधिक जमाती राहात. प्रत्येकीचा प्रमुख वेगळा, बोली वेगळी, एकमेकींत जुनी वैरे. एकेकीने लढावे आणि एकेकीने चिरडून जावे, हेच तोवर चालले होते. हे पाणी जो घेई तो आपल्या जातीचा न उरता पाणी घेतलेल्यांचा होई. ज्यांनी कधी एका भांड्यातले पाणी प्यायले नसेल, ते एका पाण्याने बांधले गेले. महाडच्या तळ्यावर १९२७ साली बाबासाहेब आंबेडकर ज्या पाण्यापाशी गेले त्यात कोणताही मंत्र नव्हता, हक्क होता. ते पाणी वेगळे, हे पाणी वेगळे, याची भेसळ आम्ही करीत नाही. परंतु एकत्र पाण्यास हात लावल्यावाचून माणसे एक होत नाहीत, एवढे दोन्हींकडून शिकता येते.

जुलै १९०५ च्या अखेरीस मातुंबी डोंगरातील नांदेते गावी लोक कापसाच्या शेतात गेले आणि त्यांनी कापसाची झाडे उपटून टाकली. पहिली झाडे उपटणारांत न्गुलुम्बाल्यो मांदाई आणि लिंदिम्यो माचेला ही नावे तेथील वृद्धांनी पुढे सांगून ठेविली आहेत. ध्यानात घ्या, पहिला वार माणसावर केला नाही, झाडावर केला. ही युद्धाची घोषणाच होती. किंजिकितिलेने 'मी सांगेन तेव्हा उठा' असे म्हटले होते, पण मातुंबीच्या लोकांस धीर निघाला नाही. जर्मनांनी त्याला पकडून ४ ऑगस्ट रोजी मोहोरो येथे फाशी दिली. पाणी आधीच दूरवर पोहोचले आहे, आता माझ्या मरणाने काही थांबणार नाही, अशा आशयाचे तो बोलला म्हणतात. आणि तसेच झाले. पाहता पाहता दक्षिणेचा निम्मा मुलूख पेटला. बंडवाल्यांकडूनही अत्याचार घडले. १४ ऑगस्टला बिशप कासियन श्पिस आणि त्यांच्याबरोबरचे दोन धर्मबंधू व दोन जोगिणी मारल्या गेल्या. शस्त्र नसलेल्या मनुष्यास मारणे हा पराक्रम नव्हे, हे आपल्या बाजूच्या माणसाविषयीही म्हणता आले पाहिजे.

मग ३० ऑगस्टचा दिवस उजाडला. म्बुंगा आणि पोगोरो लोक हजारोंनी महेंगेच्या जर्मन ठाण्यावर चालून गेले. ठाण्यात शिपाई साठेक, पण मशीनगनी होत्या. पुढली रांग पडली. मागल्यांना वाटले, पाणी नीट लागले नसेल. दुसरी रांग पडली. गोळीचे पाणी झाले नाही. शेकडो माणसे त्या माळावर निजली. बंधूंनो, हे सांगताना हसू येत असेल त्याने येथून उठून जावे. परंतु हे ऐकून जो मशीनगनीच्या पुढ्यात पाण्याची बाटली घेऊन उभा राहील, तोही आपला शत्रूच समजावा. धैर्य होते, एकी होती; विद्या नव्हती. शत्रूचे यंत्र कसे चालते हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या धैर्याची किंमत त्याची बायकापोरे मोजतात.

आणि ती बंदूक धरणारा कोण होता? तोही काळाच! जर्मनांचे अस्करी शिपाई सुदानातून, दक्षिणेकडून आणि त्याच मुलखातून भरती केलेले होते. ज्या हेहे लोकांच्या म्क्वावाने प्राण दिला, ते या खेपेस जर्मनांच्या बाजूस राहिले. या सबंध लढाईत जर्मनांकडील मेलेले मोजले तर युरोपियन अवघे पंधरा, आणि त्यांच्या पदरचे काळे शिपाई व साहाय्यक ३८९. गोऱ्याचे राज्य राखण्यासाठी सुद्धा काळाच मेला, काळ्याला मारताना. याची कारणे तेथेच शोधू नका; आपल्या गावकीतही ती सापडतील.

यापुढची हकीकत सांगणे जिवावर येते. समोरासमोर लढाई हरल्यावर बंडवाले रानातून छापे घालू लागले. तेव्हा एका जर्मन कप्तानाने गव्हर्नरास कळविले, की केवळ लढाईने काही होणार नाही. भूक आणि हलाखी यांनीच हे लोक शरण येतील. ही सूचना अमलात आली. पलटणी गावे जाळीत चालल्या. कणग्या लुटल्या, उभी पिके कापून नेली किंवा पेटवून दिली, बियाणेही ठेवले नाही. शेतकऱ्याचे बियाणे जाळणे म्हणजे काय, ते या सभेत कोणास सांगावे! १९०७ पर्यंत बंड मोडले, पण दुष्काळ त्यानंतरही माणसे नेत राहिला. जर्मन सरकारने स्वतः मान्य केलेला मृतांचा आकडा पाऊण लाख. पुढे टांझानियाचे इतिहासकार गिल्बर्ट ग्वासा यांनी केलेला अंदाज अडीच ते तीन लाखांचा. जेथे वस्ती होती तेथे रान माजले, हत्ती आणि डुकरे यांचे राज्य झाले.

त्याच मुलखात, लिंदी बंदराच्या आत तेंदागुरू टेकडीवर, १९०९ ते १९१३ या काळात जर्मन पंडितांनी पुराणकाळच्या अजस्र प्राण्यांचे सांगाडे खणून काढले. दोनशे टनांहून अधिक हाडे तेथल्याच मजुरांनी खणली आणि डोक्याखांद्यावर वाहून बंदरात नेली. बर्लिनच्या संग्रहालयात तो प्रचंड सांगाडा आजही उभा आहे. हाडे जपावीत हे विद्येचेच काम, त्यास आमचा आक्षेप नाही. पण दोनचार वर्षांपूर्वी त्याच मातीत जी माणसांची हाडे पडली, ती मोजण्याची मात्र कोणास निकड वाटली नाही.

न्गोनी लोकांच्या मुलखात हे पाणी नेण्यात एका बाईने पुढाकार घेतला; तिचे नाव म्कोमानिले. ती गावची प्रमुख होती. २७ फेब्रुवारी १९०६ रोजी जर्मनांनी तेथे साठांहून अधिक पुढाऱ्यांस फाशी देऊन एका खड्ड्यात पुरले. त्यांत ती एकटी स्त्री होती. त्यांचा शूर सरदार सोंगेआ म्बानो यासही त्याच सुमारास फाशी दिली आणि त्याचे शिर नेले असे त्याचे वंशज सांगतात. आज त्या शहराचेच नाव सोंगेआ आहे. फाशी देणाऱ्याचे नाव तेथे कोणी घेत नाही. १ नोव्हेंबर २०२३ रोजी जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर सोंगेआस गेले, त्या वंशजांना भेटले, आणि आपल्या पूर्वजांनी केलेल्या कृत्यांबद्दल त्यांनी क्षमा मागितली. एकशे अठरा वर्षे लागली! तरी उशिरा का होईना, मागितली हे बरे झाले. पण क्षमा मागण्याची वेळ का आली? ऐकणारे विसरले नव्हते म्हणून.

आता मुख्य मुद्दा. ते विसरले का नाहीत? हे बंड हरले, हे उघड आहे. परंतु पुढचा गव्हर्नर रेशेनबेर्ग याने ती वेठीची सामाईक कापूसशेते पुन्हा चालविली नाहीत. आणि पन्नास वर्षांनी टांगानिकात स्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली, तिचा पुढारी ज्युलियस न्येरेरे हा पेशाने शाळामास्तर होता. लोक त्याला अखेरपर्यंत 'म्वालिमु' म्हणजे मास्तर म्हणत. आम्हांस याचा अभिमान वाटतो, तो आपण क्षम्य मानावा. १९५६ साली संयुक्त राष्ट्रसंघापुढे बोलताना त्याने या बंडाची आठवण दिली. आमच्या लोकांनी परक्याचा राज्य करण्याचा हक्क कधीच मान्य केला नव्हता, हे त्याने त्यावरून दाखविले. मात्र या खेपेस त्याने पाणी वाटले नाही; गावोगाव सभासद केले, सर्व जमातींस समजेल अशा स्वाहिली भाषेत सभा घेतल्या. ९ डिसेंबर १९६१ रोजी देश मोकळा झाला. पहिल्या बंडाची एकी घेतली, आणि तिला मंत्राऐवजी अक्षराची जोड दिली. आमच्या मते सगळे सार येथे आहे.

पुढे १९६८ साली दार-एस्-सलामच्या विद्यापीठातील विद्यार्थी खेडोपाडी गेले आणि ज्यांनी ते दिवस पाहिले होते अशा वृद्धांच्या तोंडून हकीकती लिहून आणल्या. तोवर या बंडाचा इतिहास जर्मन अधिकाऱ्यांच्या दप्तरांतून लिहिला जाई, आणि दप्तरात 'रानटी लोकांचा चेटूकवेडेपणा' असाच सूर. म्हाताऱ्यांनी सांगितले, तेव्हा कळले की आधी पट्टी होती, वेठ होती, चाबूक होता, रानडुकरे होती. पाणी मागून आले.

म्हणून आमचे आपणांपाशी एवढेच मागणे आहे. या गावातही वेठबिगार सोसलेल्यांची, दुष्काळात खडी फोडलेल्यांची, विहिरीवरून हाकललेल्यांची आठवण सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके म्हातारे-म्हाताऱ्या उरल्या आहेत. त्यांचे म्हणणे कोठल्या दप्तरात आहे? तलाठ्याच्या नाही, पोलीसपाटलाच्या नाही. सातवीच्या प्रत्येक मुलामुलीने एक कोरी वही घ्यावी, आपल्या आजी-आज्याजवळ बसावे, आणि ती सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत, लिहून काढावे. वह्यांचा खर्च आम्ही करतो. शनिवारी दुपारी शाळेची खोली उघडी राहील. मघाशी सांगितलेल्या त्या चलाख मुलाने पहिली वही नेली आहे.